शाळेतलं कोबीचं पिंप

लचेझारवर मी जळतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे कुठेतरी ते तुमच्या लक्षात येईल आणि तुम्ही म्हणाल, हा माणूस साळसूदपणे कोबीची गोष्ट सांगत बसला होता आणि पोटात याच्या भलतंच दुखत होतं. तर दुखत होतं. अजूनही हवा पालटली की दुखतं. माझी बायको झ्लातीना म्हणते, चाळिशी उलटलेल्या, सरकारी नोकरीतल्या, टक्कल पडू लागलेल्या माणसाने लहान मुलांत लोकप्रिय होण्यासाठी झुरावं हे बरं दिसत नाही. यात टकलाचा संबंध कुठे आला ते मला कळलं नाही. पण लचेझारचे केस दाट आहेत, हे तिनेच एकदा बोलता बोलता म्हटलं होतं आणि मी ते विसरलेलो नाही.

शाळा आमच्या मुलीची, रालित्साची. घरात राली. वय वर्षं सात. ही शाळा चारचौघांसारखी नाही. इथे घंटा नाही, गणवेश नाही, परीक्षा नाही, आणि पगारी शिक्षिका म्हणाल तर एकटी नेव्हेना. बाकी शिकवायला आम्ही आईबाप. प्रत्येकाने आठवड्यातली एक सकाळ वर्गात द्यायची आणि आपल्याला जे येतं ते शिकवायचं. कुणी पाव भाजायला शिकवतं, कुणी पक्षी ओळखायला. एक आई दंतवैद्य आहे, तिच्या सकाळी मुलं जरा कमी येतात. जागा भाड्याची, डॅन्यूबकाठच्या आमच्या रुसे शहराच्या जुन्या भागातल्या एका घराचा वरचा मजला. खाली घरमालकीण दोन्चेवाबाई यांचं नोटरीचं ऑफिस. वर मुलांना मनासारखं वागायची मुभा आणि खाली शिक्क्याशिवाय श्वासही घेता येत नाही, असं ते घर आहे.

शाळेचे नियम फार नाहीत, पण जो एक आहे तो कडक आहे. वर्गात आपलं मूल आपलं नाही. सगळी मुलं सगळ्या मोठ्यांना नावाने हाक मारणार, आपलं मूलसुद्धा. त्याला मांडीवर घ्यायचं नाही, त्याच्या गटात बसायचं नाही, त्याच्या चित्राला इतरांच्या चित्राहून लांब 'वा' म्हणायचं नाही. प्रवेशाच्या वेळी नेव्हेनाने हे समजावलं तेव्हा मला ते फार उदात्त वाटलं होतं. मग एका संध्याकाळी जेवताना राली म्हणाली, "स्विलेन, मीठ दे."

"घरी बाबा म्हणायचं," मी म्हणालो.

"सवय झाली रे, स्विलेन," ती म्हणाली.

उदात्तपणा तिथेच थोडा कमी झाला.

आता लचेझार, मुलांचा लाचो. हा बाहुल्यांच्या नाट्यगृहात नट आहे. म्हणजे जो माणूस पगार घेऊन दिवसभर मुलांना हसवतो, तोच माणूस मंगळवारी सकाळी आमच्या वर्गात फुकट येऊन मुलांना हसवतो. हा सरळसरळ अन्याय आहे. त्याच्या हातात एक कोल्हीण असते, लाल मखमलीची, एक कान जरा फाटलेला. ही कोल्हीणबाई वजाबाकी शिकवते. खुराड्यात कोंबड्या किती, कोल्हीणबाईने पळवल्या किती, उरल्या किती. मुलं हसून हसून जमिनीवर लोळतात आणि वजाबाकी येते. रोज रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर कोल्हीणबाई हजर. "लाचो म्हणाला", "लाचोने केलं", "लाचोच्या कोल्हीणबाईला शिंक आली". मी शिंकलो तर मात्र राली म्हणते, "स्विलेन, रुमाल."

मी काय शिकवणार? मी पाणीपुरवठा खात्यात आहे, गळती विभागात. शहरात कुठे पाणी गळतंय ते शोधणं हे माझं काम. माझ्या पहिल्या सकाळी मी जमिनीखालच्या नळांचा मोठा नकाशा घेऊन गेलो होतो. तो मी भिंतीवर लावला आणि मुलांना दाबाचा सिद्धांत सोपा करून सांगितला. थोड्या वेळाने एक मुलगा झोपला. दुसऱ्याने हात वर केला. मला बरं वाटलं, निदान एकाला तरी शंका आली. तो म्हणाला, "स्विलेन, तू घरी कधी जाणार?" हा मुलगा लचेझारचा, बॉयान. आणि माझी मुलगी, माझ्या रक्ताची, खिडकीशी बसून हाताला मोजा घालून त्याला शिंकायला शिकवत होती.

त्या दिवशी मी ठरवलं. मला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, रालीने भर वर्गात मान ताठ करून म्हणावं, हा माझा बाबा. नियम मोडला तरी चालेल.

विचार करता करता नोव्हेंबर आला आणि कोबी आला. बाजारात गाड्याच्या गाड्या भरून कोबी, जिन्यात कोबी, प्रत्येक बाल्कनीत निळं प्लास्टिकचं पिंप. खारवलेला कोबी आमच्या घरासारखा दुसरीकडे होत नाही, असं मी म्हणतो. असं रुसेतला प्रत्येक पुरुष म्हणतो, पण ते खोटं बोलतात. मला एकदम सुचलं, वर्गातच पिंप भरायचं! मीठ मोजणं म्हणजे गणित, आंबणं म्हणजे विज्ञान, आणि मीठ थोडं इकडेतिकडे झालं की काय होतं ते पाहणं म्हणजे इतिहास. सहा डिसेंबरला, सेंट निकोलसच्या सणाला, सगळ्या आईबापांना बोलावून चव घ्यायची. त्या दिवशी मुलं एकेक करून उठून सांगणार, कोबी कोणी शिकवला. तेव्हा राली काय सांगेल याचं चित्र मी मनात इतक्या वेळा रंगवलं की ऑफिसात दोन गळत्या माझ्या हातून निसटल्या.

आमच्या शाळेत कुठलीही गोष्ट सभेत ठरते. सगळे, मुलंसुद्धा, गोल बसतात. वाढायचा एक मोठा लाकडी डाव हातोहात फिरतो. डाव ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. आणि एकाचा जरी नकार असला तरी गोष्ट होत नाही. लचेझार नकार देईल अशी माझी खात्री होती आणि त्याला द्यायची उत्तरं मी आरशासमोर पाठ केली होती. डाव त्याच्याकडे गेला. तो उठून उभाच राहिला.

"काय कल्पना आहे स्विलेन! मला का नाही सुचली रे ही?" असं म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या, आणि त्याने वाजवल्या म्हणून सगळ्या मुलांनी वाजवल्या.

शत्रूने विरोध करायचा असतो, एवढी साधी रीत या माणसाला माहीत नाही. माझी पाठ केलेली उत्तरं फुकट गेली.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या इमारतीत मी कोबी शाळेत घालतोय हे झ्लातीनाने फक्त पेन्का मावशीला सांगितलं होतं. म्हणजे जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत ते सगळ्यांना ठाऊक. पेन्का मावशी तळमजल्यावर राहतात. त्यांनी मला दारातच अडवलं.

"अंड्याने बघितलंस का मीठ? पाण्यात अंडं सोडायचं. वर नाण्याएवढं टेकाड दिसलं की मीठ बरोबर."

"मी वजन करून घालतो मावशी. मुलांना गणित शिकवायचंय."

"गणिताने कोबी होतो होय! तुझ्या बायकोला वाईट दिवस येणार आहेत, एवढंच सांगते."

वरच्या मजल्यावरचे झेल्याझ्को काका डॅन्यूबवर बोट चालवून निवृत्त झालेत. ते जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून ओरडले, "अंडंबिंडं काही नको! शिळं अंडं कशातही तरंगतं! अमावास्येनंतर भर, आणि बीट घालशील तर पुन्हा माझं नाव घेऊ नकोस!"

"बीट घातल्याशिवाय रंग कुठला येणार?" खालून पेन्का मावशी.

"रंगाला काय चाटायचंय?" वरून काका.

मी मधल्या मजल्यावर उभा. दोघं मला सोडून एकमेकांशीच भांडत राहिली, आणि त्या भांडणात मावशींच्या कैलासवासी यजमानांचं कोणे एके काळचं बिघडलेलं पिंपही निघालं. शेवटी दोघांनीही मला कोबी दाबायला एकेक दगड दिला. काकांचा नदीतला, मावशींचा यजमानांच्या पिंपातला. कोणाचा वापरला हे कळलं तर दुसरं माणूस माझ्याशी बोलणार नाही, म्हणून मी दोन्ही वापरले.

बीट घातलं. ते पुढे येणार आहे.

शाळेत खाण्याची वस्तू ठेवायची तर आरोग्य खात्याला कळवावं लागतं, असं नेव्हेना म्हणाली. मी म्हटलं, त्यात काय, मी स्वतः सरकारी माणूस. आरोग्य खात्याच्या खिडकीतल्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कोबी कुठून आला याचा दाखला?"

"बाजारातून."

"बाजार म्हणजे दाखला नव्हे. पिंप शिजवलेल्या अन्नात येतं की कच्च्या?"

"आंबवलेल्या."

"तो रकाना नाही." त्यांनी चष्मा पुसला. "हे मुलं खाणार आहेत का?"

मी प्रामाणिक माणूस. पण माझ्या मागे रांग होती आणि पुढे रकाना नव्हता. मी म्हणालो, "बघणार आहेत."

बाईंचा चेहरा उजळला. "मग असं सांगा की! मग ते अन्नच नव्हे, शैक्षणिक साहित्य." आणि त्यांनी मला एक कागद दिला, तो पिंपावर ठळक दिसेल असा चिकटवायचा होता. त्यावर शिक्क्यासकट लिहिलं होतं: शैक्षणिक साहित्य, खाण्यास अयोग्य. माझ्या घराण्याच्या कोबीवर, माझ्या हाताने, मी तो चिकटवला. झ्लातीना ते वाचून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. म्हणाली, "कुणीतरी लेखी दिलं एकदाचं."

पिंप वर चढवताना दोन्चेवाबाई दारात आल्या. त्यांनी पिंपाकडे पाहिलं, मग त्याच्या बुडाशी असलेल्या तोटीकडे पाहिलं.

"ही गळणार नाही ना?"

"बाई," मी म्हणालो, "मी गळती विभागात आहे."

हे वाक्य मी उगाच बोललो.

आणि काय सांगू, जमलं! मुलांनी कोबीचे गड्डे निवडले, देठाशी चीर पाडून त्यात जाडं मीठ भरलं, थरावर थर लावले. मक्याचे दाणे, सफरचंदाच्या फोडी, बीट, वर दोन घराण्यांचे दोन दगड. आता ज्याने पिंप भरलं त्याला माहीत असतं, की पहिले बरेच दिवस रोज खार, म्हणजे आतलं मिठाचं पाणी, हलवावा लागतो, नाहीतर तळाचा कोबी सडतो. तोटीतून खार बादलीत काढून वरून परत ओततात. किंवा बुडापर्यंत नळी सोडून फुंकतात. मी नळी आणली होती. नळीत फुंकलं की पिंप असं काही गुडगुडायचं की कोल्हीणबाईची शिंक त्यापुढे काहीच नाही. मुलं वेडी झाली. रांग लागली. फुंकण्यासाठी मारामाऱ्या. "स्विलेन आला, स्विलेन आला!" म्हणून मला जिन्यातूनच ओढून नेऊ लागली. बॉयान, तोच बॉयान, माझ्या पायाला मिठी मारून म्हणाला, "स्विलेन, तू उद्यापण ये." बाजूला लचेझार उभा होता. त्याचं हसू जरा ओढल्यासारखं दिसलं, आणि मला त्या रात्री फार शांत झोप लागली.

मी रोज जाऊ लागलो. पूर्वी सकाळी मी आणि राली नदीकाठाने चालत शाळेत जायचो, रस्त्यात ती प्रत्येक बाकावर चढून उतरायची आणि आम्हाला उशीर व्हायचा. आता ऑफिसच्या आधी फुंकून घ्यायचं म्हणून मी पहिली बस धरायचो आणि रालीला झ्लातीना आणायची. वर्गात मी नियम काटेकोर पाळत होतो. उगाच कुणी म्हणायला नको, की बघा, नळी आपल्याच पोरीला देतो. म्हणून रालीची पाळी मी नेहमी शेवटी ठेवायचो. बऱ्याचदा तिची पाळी येईपर्यंत माझी ऑफिसची वेळ व्हायची. तिनेही कधी तक्रार केली नाही. केली असती तर मला आवडलं असतं. ती आपली लांब उभी, हातात लचेझारची कोल्हीणबाई. त्याने ती आठवडाभर वर्गात ठेवून दिली होती. एवढं सगळं शहर माझ्या बाजूला आलं आणि माझी पोरगी शत्रूच्या छावणीत, हे मला खात होतं.

"तिला कोबी आवडत नाही का?" मी झ्लातीनाला विचारलं.

"विचार की तिलाच."

"मी कशाला विचारू? तिला लाचो पुरेसा आहे."

"अरे देवा," झ्लातीना म्हणाली आणि दिवा मालवून टाकला.

सेंट निकोलस आठवड्यावर आला होता. दुपारची वेळ, मी ऑफिसात. फोन वाजला. आमच्या विभागात फोन आला की ठरलेले प्रश्न विचारायचे असतात, आणि मी ते ठरलेल्या आवाजात विचारतो.

"गळती विभाग. पाणी वरून येतंय की खालून?"

"वरून! माझ्या टेबलावर!" बाई किंचाळत होत्या.

"शांत व्हा. पिण्याचं पाणी आहे की सांडपाणी?"

"मला काय माहीत! गुलाबी आहे!"

तीस लाख बादल्या पाणी माझ्या हाताखालून गेलं असेल, पण गुलाबी कधी ऐकलं नव्हतं. मी पुढचा प्रश्न विचारला. "वास येतोय का?"

"येतोय! कोबीचा!"

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. पत्ता विचारणं हे माझं कर्तव्य होतं, मी तोही विचारला. दोन्चेवाबाईंनी सांगितला आणि म्हणाल्या, "तुमच्या खात्यातलाच एक गाढव वर पिंप ठेवून गेलाय, त्याला आधी पाठवा."

"तो निघालाय," मी म्हणालो.

पोहोचलो तेव्हा मुलं नेव्हेनाबरोबर नदीवरून फिरून नुकतीच परतली होती. लचेझारही त्या दिवशी मदतीला गेला होता. वर्गाच्या जमिनीवर गुलाबी तळं. पिंप रिकामं, कोबीचे गड्डे उघडे पडलेले, आणि तोटी पूर्ण उघडी. फुटली नव्हती, सैल झाली नव्हती, कुणीतरी फिरवून उघडली होती. मी गळतीतला माणूस, मला ते एका नजरेत कळतं. आणि तोटीच्या खाली, खारात भिजून चिंब झालेली, गुलाबी पडलेली, कोल्हीणबाई.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरं सांगतो, कोबी गेल्याचं दुःख बाजूलाच राहिलं, मला आनंद झाला. सापडला! मी जिंकत होतो म्हणून त्याच्या पोटात दुखलं!

मी सभा बोलावली. तिथल्या तिथे, ओल्या जमिनीवर, सगळे गोल बसले. मी डाव घेतला, दुसऱ्या हातात ठिबकणारी कोल्हीणबाई.

"मी कुणाचं नाव घेणार नाही," मी म्हणालो. "पण ही बाहुली कोणाची आहे हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. काही माणसांना टाळ्यांची इतकी सवय असते, की दुसऱ्याला चार टाळ्या मिळालेल्या त्यांना सोसत नाहीत. एवढा मोठा माणूस, मुलांच्या कोबीवर सूड उगवतो!"

सगळे लचेझारकडे बघू लागले. तो पांढरा पडला होता. त्याने हात पुढे केला, मी डाव दिला.

"स्विलेन, मी नाही रे," एवढंच तो म्हणाला. नट असून त्याला दुसरं वाक्य सुचलं नाही, यावरून मला वाटलं हा नक्की गुन्हेगार.

मग डाव एकेका हातातून पुढे सरकला. रालीकडे आला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. डाव तिच्या हातांना फार मोठा होता.

"कोल्हीणबाईने उघडली तोटी," ती म्हणाली. "फिरायला निघालो, तेव्हा मी हातमोजा विसरले म्हणून परत आले होते."

"आणि कोल्हीणबाई कुणाच्या हातात होती, राली?" नेव्हेनाने हळूच विचारलं.

"माझ्या."

सभेत डाव हातात नसताना बोलायचं नसतं. मी बोललो. "पण का ग?"

ती उभी राहिली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. सात वर्षांच्या माणसाला इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"तू बॉयानला आधी नळी देतोस! सगळ्यांना देतोस आणि मग म्हणतोस वेळ झाली! सकाळी माझ्याबरोबर येत नाहीस. सगळे म्हणतात स्विलेन माझा, स्विलेन माझा. तुम्ही सगळे कोण लागता त्याचे?" ती पूर्ण गोलाकडे वळली आणि डाव आपटला. "तो माझा बाबा आहे!"

पिंपातून एक थेंब पडलेला ऐकू आला.

"राली," नेव्हेना सवयीने म्हणाली, "वर्गात आपण स्विलेन..."

"गप्प बसा हो नेव्हेना!" मी ओरडलो. इतक्या सुशिक्षित शाळेत असं कुणी ओरडलं नव्हतं. मी त्या खारातून गुडघ्यांवर सरकत गेलो आणि तिला मांडीवर घेतलं, भर वर्गात, नियम, सभा, सगळं गुंडाळून. ती माझ्या शर्टाला नाक पुसत होती. माझं पिंप गेलं होतं, निकोलस गेला होता, भर सभेत मी एका निरपराध माणसावर आळ घेतला होता, आणि मला इतका आनंद झाला होता की मला तो लपवताही येईना. माझी पोरगी माझ्यावरून जळत होती! ही जळण्याची जात तिने माझ्याकडूनच घेतली होती, आईकडून नव्हे.

तेवढ्यात दारात दोन्चेवाबाई उभ्या. केसात गुलाबी थेंब, हातात एक गुलाबी खरेदीखत.

"कोणाचं काम आहे हे?"

"माझ्या मुलीचं!" मी म्हणालो. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

"आणि हे असं छाती फुगवून सांगताय?"

"हो."

"खाली या," बाई म्हणाल्या. "लिहून द्या."

खाली त्यांनी छत्रीखाली बसून टंकलेखन केलं. नुकसान भरून देईन, छत रंगवून देईन, पुन्हा या घरात काहीही आंबवणार नाही. मग मान वर करून विचारलं, "मुलीचं पूर्ण नाव?"

"रालित्सा स्विलेनोव्हा."

"स्विलेनोव्हा. म्हणजे बापाचं नाव स्विलेन." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तो तुम्हीच?"

"तो मीच," मी म्हणालो, आणि त्यांनी शिक्का मारला.

तिथेच ऑफिसात लचेझार शिडीवर चढून छत पुसत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो आपणहून आला होता. असाच आहे तो, माणसाला धड रागावताही येत नाही. राली खुर्चीवर बसून कोल्हीणबाईला पिळत होती. मी शिडी धरली आणि जड जिभेने म्हणालो, "लाचो, माझं चुकलं."

तो एकाच जागी फडकं घासत राहिला.

"बॉयान मंगळवारी खिडकीबाहेर बघत बसतो," तो अखेर म्हणाला. "सगळी मुलं हसतात, तो नाही. तुझ्या पिंपापाशी पहिल्यांदा हसला. माझ्यासाठी त्याने कधी काही बिघडवलं नाही रे स्विलेन. साधा कपसुद्धा फोडला नाही." त्याने फडकं खाली टाकलं. "जळतो मी तुझ्यावर."

मला स्पष्ट ऐकू आलं होतं. शिडीवरून खाली एवढं काही अंतर नव्हतं.

"काय म्हणालास?" मी विचारलं. "थांब, एक मिनिट. राली, जरा इकडे ये ग. लाचो काहीतरी सांगतोय."